वाचकांचे प्रश्न : दोन फुटी टाकीत कोणते मासे ठेवावेत?

प्रश्न : मुलीच्या आग्रहाखातर आम्ही दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच काचेची टाकी आणली. दुकानदाराने त्याच दिवशी दोन गोल्डफिश, चार टायगर बार्ब, एंजलची एक जोडी, सहा निऑन टेट्रा आणि काच स्वच्छ राहावी म्हणून एक सकर मासा दिला. काही दिवसांतच निऑन एकेक करून मेले. एंजलचे लांब पर कुरतडल्यासारखे दिसत आहेत आणि पाणी सतत गढूळ होते. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. आता कोणते मासे ठेवावेत?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या टाकीचे माप पाहता तिच्यात वरवर चोपन्न लिटर पाणी मावते, तळाची वाळू आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्षात सुमारे पंचेचाळीस लिटरच उरते. एवढ्या पाण्यात आपल्याला दिलेल्या पाच जातींपैकी चार जातींना कायमचे घर मिळू शकत नाही. निऑनना जागा पुरली असती, पण बोअरचे पाणी त्यांना मानवत नाही. तेव्हा दोष आपल्या देखभालीचा नसून निवडीचा आहे.

गोल्डफिश दुकानात दोन इंचांचा दिसला तरी पुढे सहा ते आठ इंच वाढतो, इतर माशांच्या मानाने कितीतरी अधिक घाण करतो आणि त्याला थंड पाणी लागते. सोलापूरच्या उन्हाळ्यात टाकीतले पाणी सहज तीस अंशांच्या वर जाते, गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि गोल्डफिश पृष्ठभागाशी तोंड उघडून तडफडू लागतो. टायगर बार्बची अडचण वेगळी आहे. हे मासे आपसांत मानपान ठरवण्यासाठी एकमेकांचा सतत पाठलाग करतात. आठ-दहांच्या थव्यात ती खोडी त्यांच्यातच जिरते, परंतु चारच असले की ती शेजाऱ्यांवर निघते, आणि संथ पोहणाऱ्या एंजलचे दोऱ्यासारखे लोंबणारे पर त्यांना सर्वांत आधी दिसतात. एंजल स्वतःही सहा इंचांपर्यंत वाढतो, पूर्ण वाढल्यावर निऑनसारखे बारीक मासे गिळतो आणि त्याला एक फुटापेक्षा बरीच अधिक उंची हवी असते.

सकर माशाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘काच साफ करणारा मासा’ म्हणून तो जवळपास प्रत्येक नवशिक्याला दिला जातो. लहानपणी तो शेवाळ खातो हे खरे. पण तो फूटभराहून मोठा होतो, जेवढे शेवाळ खातो त्याहून अधिक विष्ठा टाकतो आणि मोठेपणी एंजलसारख्या चपट्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्या त्वचेवरचा बुळबुळीत थर खरवडतो. मग कंटाळलेले लोक त्याला तळ्यात किंवा नदीत सोडतात. आपल्या जिल्ह्यातील उजनी जलाशयात हे परदेशी मासे मच्छिमारांच्या जाळ्यात सापडतात, त्यांच्या काटेरी परांमुळे जाळी फाटतात आणि खाण्यासाठी त्यांना कोणी विचारत नाही. म्हणून कळकळीची विनंती अशी, की नकोसा झालेला कोणताही मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या परिचिताकडे सोपवावा. तो ओढ्यात, विहिरीत वा तळ्यात कदापि सोडू नये.

आता निवडीकडे वळू. माझ्या मते मासे ठरवण्याआधी पाणी ओळखावे. बोअरच्या पाण्याने बादलीवर पांढरा थर चढत असेल, तर ते पाणी क्षारयुक्त आणि कठीण आहे असे समजावे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मऊ पाण्यातून आलेला निऑन अशा पाण्यात टिकत नाही. याउलट गप्पी आणि प्लॅटी यांना तेच पाणी मानवते. आर.ओ.चे पाणी मिसळून निऑनसाठी पाणी मऊ करता येते, पण दर वेळी तेच प्रमाण सांभाळावे लागते आणि एकदा चूक झाली की माशांना धक्का बसतो. पाण्याला साजेसा मासा निवडणे हाच सोपा आणि माशांच्या हिताचा मार्ग आहे.

आपल्या टाकीत सहा नर गप्पी आणि चार-पाच नर प्लॅटी सुखाने राहतील. फक्त नर घेण्याचे कारण असे, की गप्पीची मादी साधारण दर महिन्याला पिल्ले देते आणि नराचे बीज ती अनेक महिने शरीरात साठवून ठेवू शकते. त्यामुळे एकटी मादी आणली तरी टाकी पिल्लांनी भरून जाते. शेवाळासाठी दोन नेराइट गोगलगाई ठेवाव्यात. कठीण पाण्यात त्यांचे शंख मजबूत राहतात आणि त्यांची अंडी गोड्या पाण्यात उबत नसल्याने संख्या वाढत नाही. पुढेमागे आपल्याला मऊ पाणी मिळाले, तर बंगाल-आसामकडचा हनी गौरामी ही एक देखणी आणि शांत जात आहे.

मात्र नवे मासे लगेच आणू नयेत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, पण त्यांची पुरेशी वाढ व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या टाकीत हे जिवाणू नसतानाच पंधरा मासे सोडले गेले आणि बहुधा त्यामुळेच पाणी गढूळ झाले. सध्याचे मासे परत जाईपर्यंत एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदलावे, खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे आणि स्पंज नळाखाली न धुता टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळावा. चाचणी संचात अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले, की आधी गप्पी आणावेत आणि दोन-तीन आठवड्यांनी प्लॅटी.

प्रश्न : फायटर माशाबरोबर गप्पी ठेवता येतील का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ठेवू नयेत. नर गप्पीची रंगीत, फुललेली शेपटी फायटरला प्रतिस्पर्ध्यासारखी भासते आणि तो तिच्यावर तुटून पडतो. काही वेळा उलट घडून गप्पीच फायटरचे लांब पर कुरतडतात. फायटर एकटाच, किमान वीस लिटर पाण्यात, संथ फिल्टर लावून ठेवावा. तो पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतो म्हणून त्याला काचेच्या छोट्या बरणीत ठेवण्याची जी पद्धत पडली आहे, ती क्रूर आहे, कारण हवा मिळाली तरी साचलेला अमोनिया त्याचे कल्ले जाळतच राहतो. टाकीवर जाळीचे झाकण अवश्य ठेवावे, कारण हा मासा उंच उडी मारतो.