टर्बो इंजिनसाठी कॅम निवडताना

कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा, उंचवटे (लोब) असलेला दांडा. त्याच्या जाहिरातीतल्या आकड्यांना भुलू नकोस. ड्युरेशनची, म्हणजे व्हॉल्व्ह क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो त्याची, तुलना १ मिमी लिफ्टवरच (व्हॉल्व्ह १ मिमी उचलला जातो तिथून) कर. छोट्या टर्बोत एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला दाब बरेचदा बूस्टपेक्षा (टर्बो आत ढकलतो त्या हवेच्या दाबापेक्षा) जास्त असतो. ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ) वाढवलास तर जळका वायू उलटा सिलिंडरमध्ये शिरतो, नॉकिंग (इंधनाचं अवेळी पेटणं) वाढतं, आणि कात्रजच्या चढावर गाडी खालच्या आरपीएमला मरगळते. रोजच्या पुणेरी ट्रॅफिकला तर असा कॅम नकोच. लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या मध्यांमधला कोन) साधारण ११२ ते ११५ अंश बघ. व्हॉल्व्ह स्प्रिंग कॅमला जुळणारे घे. बूस्ट इनटेक व्हॉल्व्हला मागून ढकलतो, जुने स्प्रिंग तिथेच हरतात. बसवल्यावर पिस्टनवर क्ले (मऊ माती) चिकटवून इंजिन पूर्ण दोन फेरे फिरव, पण हातानेच, स्टार्टर मारू नकोस. दबलेल्या क्लेची जाडी म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली जागा: इनटेकला किमान २, एक्झॉस्टला २.५ मिमी हवी. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ट्यूनिंग त्यानंतर.