विमा असताना खिशातून का भरू?

*ताई, मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गाव गेवराई तालुक्यात. मागच्या पावसाळ्यात नदीकाठची आमची चार एकर खरडून गेली. तेव्हापासून रात्री दोन-अडीचला दचकून जाग यायची, छाती धडधडायची. ईसीजी नॉर्मल निघाला, तेव्हा डॉक्टरांनी समुपदेशकाकडे पाठवलं. दर आठवड्याला जातो, फरक पडलाय. एका वेळचे नऊशे रुपये रोख देतो. कंपनीच्या विम्यात ओपीडीचे वर्षाला दहा हजार मिळतात, पण घरातल्या चौघांत मिळून, आणि निम्मे तर पोरांच्या दुखण्यातच जातात. शिवाय फॉर्म एचआरमधून जातो आणि तिथं बसणारा पोरगा आमच्या शेजारच्या गावचा आहे. बहिणीची सोयरीक जुळवणं चालू आहे. बायकोला सांगितलंय, पतसंस्थेचा हप्ता कापला जातो. पुढच्या वर्षी स्वतःची पॉलिसी काढायचा विचार आहे. विमा असून खिशातून पैसे घालतोय, हे चुकतंय का? बंद करू का?*

भाऊ, बंद करू नका. आधी एवढं ठरवा, मग बाकीचं बोलू.

पैशाचा हिशेब तुमच्या पत्रातच आहे. आठवड्याला नऊशे, म्हणजे वर्षाला सेहेचाळीस-सत्तेचाळीस हजारांच्या घरात. विम्यातून तुमच्या वाट्याला येणार फार तर पाच हजार, म्हणजे पाच-सहा भेटी. तेही क्लेम पास झाला तर. बऱ्याच कंपन्या नुसत्या समुपदेशकाच्या पावतीवर पैसे देत नाहीत, मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी मागतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा आहे. शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजारालाही द्यावा, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पण आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरच पैसे देतात. आठवड्याला तासभर बसून बोलायच्या उपचाराला त्यात जागाच नसते. त्यामुळे खिशातून भरणारे तुम्ही एकटे नाही, बहुतेकांना दुसरी वाटच नसते. पाच हजारांसाठी त्या फॉर्मची धास्ती घेऊन पुन्हा रात्री जागायच्या असतील, तर तो क्लेम सोडून द्या. त्याची खंत बाळगू नका.

तरीपण एक चौकशी करून ठेवा. हल्ली पुष्कळ ठिकाणी ओपीडीचा क्लेम टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणाऱ्या संस्थेच्या, अ‍ॅपवर थेट टाकता येतो, कागद एचआरच्या टेबलावर जातच नाही. विचारताना पोरांच्या तापाच्या बिलाबद्दल विचारा, कुणाला शंका यायचं कारण नाही. आणि उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क त्याच कायद्याच्या २३व्या कलमानं तुम्हाला दिलाय. शेजारच्या गावचा पोरगा कायदा वाचून गप्प बसेल असं मी म्हणत नाही, तुमची भीती मला समजते. पण तुमचं दुखणं ही त्याच्या चघळण्याची गोष्ट नाही, हे तुम्हाला ठाऊक असावं.

आता नव्या पॉलिसीचं. रोख दिले म्हणजे कागदावर काही आलं नाही, मग प्रस्तावाच्या फॉर्मवर 'नाही' लिहून मोकळं व्हावं, असा सल्ला तुम्हाला एखादा एजंट देईल. ऐकू नका. पैसे कसे दिले याला तिथं अर्थ नसतो, फॉर्मवर जे विचारलंय त्याला खरं उत्तर द्यायचं असतं. आधी समुपदेशकाला विचारा की माझ्या नावापुढे कुठल्या आजाराचं निदान लिहिलंय का. नसेल तर तसं सांगा, असेल तर तेही सांगा. २०२४च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. पॉलिसी सलग पाच वर्षं चालली की माहिती दिली नाही एवढ्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, मात्र मुद्दाम फसवणूक केली असेल तर ही सवलत नाही. चार ओळी लपवून पुढं बायपासच्या वेळी बिल अंगावर घेण्यापेक्षा तीन वर्षांची अट परवडली. आणि पावती दर वेळी घेत जा. रोख दिले तरी ती मिळायलाच हवी.

नऊशे जड जात असतील तर समुपदेशकाला तसं बोलून दाखवा. फरक पडलाय म्हणता, तर पंधरा दिवसांनी आलं तर चालेल का, फी थोडी कमी होईल का, हे विचारण्यात लाज नाही. मध्येच गुपचूप जाणं थांबवू नका. संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. पण तिथल्या रांगेत आपल्याकडचं कोणी ना कोणी भेटतंच, हेही खरं. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मात्र फोनमध्ये ठेवा. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. रात्री अडीचला छाती धडधडली, किंवा जगणं नको असं कधी मनात आलं, तर सकाळ व्हायची वाट बघू नका, त्याच क्षणी लावा.

भाऊ, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते पतसंस्थेच्या हप्त्याचं. तुम्हाला वाटलं, निरुपद्रवी थाप आहे. तिच्या जागी बसून बघा. रान खरडून गेलेलं, नवरा रात्री उठून बसतो, आणि पगारातून असा एक हप्ता जातो की ज्याचं कर्ज तिनं पाहिलेलं नाही. आपल्या बीड जिल्ह्यात नवऱ्याच्या लपवलेल्या कर्जाचा बाईला काय अर्थ लागतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुम्ही तिची काळजी वाचवायला गेलात आणि तिच्या पदरी त्याहून मोठी काळजी टाकलीत. कदाचित तीही जागीच असेल, डोळे मिटून.

तिला सांगा. लांबलचक बोलायची गरज नाही. "कर्ज नाही काढलेलं. झोप उडाली होती, छाती धडधडायची, म्हणून समुपदेशकांकडे जातो, त्यांच्याशी बोलतो. त्याचे पैसे आहेत ते." आधी 'कर्ज नाही' हेच म्हणा, बाकीचं तिला नंतर ऐकू येईल. ती चिडेल, थाप मारल्याबद्दल. चिडू द्या. सासरी-माहेरी कुणाला सांगायचं नाही, एवढं दोघांत ठरवा. बहिणीच्या सोयरिकीत या गोष्टीचा विषय निघायचं काही कारण नाही. पाहुण्यांना मुलगी बघायची आहे, तिच्या भावाच्या पावत्या नाहीत.

हे सगळं पुढच्या भेटीत समुपदेशकांच्याही कानावर घाला. बायकोला एकदा सोबत आणू का, हेही विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, आणि त्या तासाचे वेगळे पैसे सहसा लागत नाहीत.