थायमस नसेल तर एनके पेशी तयार होतात का?

हो, होतात. एनके म्हणजे ‘नॅचरल किलर’, विषाणू शिरलेल्या किंवा कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी. थायमस ही छातीतली ग्रंथी; रोगप्रतिकारक टी पेशी तिथे पक्व होतात. पण टी पेशींसारखं एनकेचं थायमसवाचून अडत नाही. जन्मतः थायमस नसलेल्या ‘न्यूड’ उंदरांत टी पेशी जवळपास नसतात, पण एनके पेशी असतात आणि कामही चोख करतात.

मूळ मात्र एकच: अस्थिमज्जेतली रक्ताची मूलपेशी. तिच्यापासून लिम्फॉइड पूर्वज पेशी होते आणि तिथून बी, टी, एनके अशा वाटा फुटतात. बी आणि टी पेशींना जनुकांचे तुकडे कापून-जोडून आपला रिसेप्टर (परक्या गोष्टी ओळखणारं पृष्ठभागावरचं प्रथिन) घडवावा लागतो. एनकेला ती उठाठेव नाही. म्हणूनच ती कापाकापी घडवणारं रॅग जनुक निकामी असलेल्या उंदरांतही त्या शाबूत राहतात. त्यांचं खरं घोडं अडतं ते इंटरल्यूकिन-१५ या संकेत देणाऱ्या प्रथिनापाशी. हा संकेत मिळाला नाही, की एनके पेशी जवळजवळ दिसेनाशाच होतात.

माणसात तर सगळं अस्थिमज्जेतच उरकत नाही. अर्धवट घडलेल्या पेशी टॉन्सिल आणि लसिका गाठींमध्येही सापडतात. (टॉन्सिल काढले म्हणून एनके पेशी संपत नाहीत, घाबरू नका.) पृष्ठभागावर सीडी५६ (एनके पेशी ओळखायची खूण असलेलं प्रथिन) भरपूर असलेल्या पेशी आधीच्या टप्प्यातल्या आणि कमी असलेल्या अधिक पक्व, असं सहसा मानतात. रक्तातल्या साधारण ९० टक्के एनके पेशी या दुसऱ्या प्रकारच्या.