‘डॉक्टर हू’चा फिनाले, बेलिंडा आणि आपली भांडणं

प्रश्न: ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या सायन्स फिक्शन सिरीयलचा 2025चा फिनाले ‘द रिअ‍ॅलिटी वॉर’ बघितल्यापासून आमच्या ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, मुख्य लेखक रसेल टी. डेव्हिसने कॅननची, म्हणजे सिरीयलच्या आधीपासून ठरलेल्या इतिहासाची, पार वाट लावली, आधी ते बायजनरेशन (एका डॉक्टरचे दोन), मग जुना खलनायक ओमेगाचा राक्षस केला आणि आता हीरोचा, म्हणजे डॉक्टरचा, चेहरा नटी बिली पायपरचा. दुसरा तट म्हणतो, टाइम मशीनची सिरीयल आहे, डोकं बाजूला ठेवा आणि बघा. तुम्ही कुठल्या बाजूला?

उत्तर: नाराज लोकांच्या बाजूला, पण त्यांनी अर्ज चुकीच्या खिडकीवर दिलाय.

कॅननचं म्हणाल तर ते या सिरीयलमध्ये कधी धड नव्हतंच हो. नोव्हेंबर 1963 मध्ये बीबीसीवर पहिला भाग आला तेव्हा डॉक्टर कोण, कुठला, काहीच ठरलेलं नव्हतं. टाइम लॉर्ड, म्हणजे डॉक्टरची जमात, हे प्रकरण उगवलं 1969 मध्ये, दोन हृदयं 1970 मध्ये आणि गॅलिफ्रे हे नाव 1973च्या शेवटी, म्हणजे दहा वर्षं लोक ज्याच्यामागे वेडे होते त्याच्या गावाचं नावसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. 1966 मध्ये पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेलची तब्येत साथ देईना म्हणून चेहरा बदलायची आयडिया निघाली आणि पॅट्रिक ट्रॉटन आला, त्याला रिजनरेशन वगैरे नाव पडलं ते पार 1974 मध्ये. 1976 मध्ये कोणीतरी लिहून टाकलं की टाइम लॉर्डला बाराच वेळा बदलता येतं, मग 2013 मध्ये ती मर्यादा आडवी आली तर सरळ नवा कोटा मंजूर करून मोकळे झाले. त्यामुळे 2023च्या ‘द गिगल’ या भागात डेव्हिड टेनंटच्या अंगातून शूटी गाट्वा वेगळा निघाला आणि दोघं डॉक्टर एकाच वेळी समोर उभे राहिले, तर ते हार्टनेलच्या वेळेपेक्षा काही जास्त अघोरी नाही.

ओमेगाबद्दल मात्र मी तुमच्या पहिल्या तटाबरोबर आहे, कारण तिथे तक्रार कॅननची नाहीच, सीनची आहे. 1973 मध्ये त्याच्या तोंडावरचा मुखवटा काढतात आणि आत काहीच नसतं, डोकंच नाही, माणूस कधीच संपलाय आणि फक्त त्याची इच्छा शिल्लक आहे. खर्च जवळपास शून्य आणि अजून अंगावर काटा येतो. 2025 मध्ये तोच ओमेगा म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेला भलामोठा सांगाडा, येतो, ‘राणी’ नावाच्या खलनायिकेला गिळतो आणि डॉक्टर त्याला एका बंदुकीने परत ढकलून देतो, विषय संपला. अर्ची पंजाबीसारखी बाई घ्यायची, 1985 मध्ये पहिल्यांदा आलेली राणी इतक्या वर्षांनी परत आणायची आणि मग तिला असं घासासारखं वापरायचं, याला काय म्हणावं!

पण माझा खरा राग बेलिंडासाठी, म्हणजे या सीझनमध्ये डॉक्टरबरोबर फिरणाऱ्या बाईसाठी, आहे. सीझनचा पहिला भाग आठवा, ‘द रोबोट रेव्होल्यूशन’. ही नर्स, जुन्या बॉयफ्रेंडने तिच्या नावाने एक तारा घेऊन ठेवलेला म्हणून तिला रोबोट उचलून नेतात. सुटका झाल्यावर डॉक्टर तिला न विचारता तिचा डीएनए तपासतो तर ती त्याला तिथल्या तिथे झापते आणि ऐकवते की मी काही तुझं अ‍ॅडव्हेंचर नाही, मला घरी सोड. 2005 पासून जितक्या कंपॅनियन, म्हणजे डॉक्टरच्या सोबतिणी, आल्या त्यातल्या बऱ्याच जणी टार्डिस, म्हणजे त्याचं टाइम मशीन, बघून हरखून जातात, ही मात्र घरी जायचं म्हणते कारण तिला तिचं काम आहे, तिचे आईवडील आहेत, तिचं स्वतःचं आयुष्य आहे. वरदा सेथूने काय सुंदर केलंय ते. आणि फिनालेमध्ये काय होतं? ऐन लढाईच्या वेळी ती पॉपीला, एका खोट्या जगात तिला मिळालेल्या मुलीला, घेऊन एका पेटीत जाऊन बसते. नंतर डॉक्टर स्वतःची रिजनरेशनची ताकद खर्चून पॉपीला परत आणतो, जग किंचित सरकतं आणि मग आपल्याला मागच्या भागांचे सीन परत दाखवतात, फक्त आता प्रत्येक सीनमध्ये बेलिंडा पॉपीचं नाव घेतेय, मला माझ्या मुलीसाठी घरी जायचंय म्हणून. म्हणजे आपण जे आठवडेच्या आठवडे बघितलं ते खोडून वरून दुसरं लिहिलं. हार्टनेलच्या काळातलं काही बदललं तर मला फरक पडत नाही, पण याच सीझनला उभं केलेलं माणूस याच सीझनला पुसून टाकलंत तर मग मी तिच्यात जीव का गुंतवायचा?

प्रश्न: वरच्याच विषयावर माझं नवऱ्याशी वाजलंय. तो म्हणतो, बेलिंडा शेवटी खूश आहे, आई होण्यात कमीपणा आहे का? मला उत्तर सुचलं नाही.

उत्तर: त्यांना रुबीच्या, म्हणजे बेलिंडाच्या आधीच्या कंपॅनियनच्या, आईचा भाग दाखवा, 2024चा ‘एम्पायर ऑफ डेथ’. अख्खा सीझन आपण अंदाज लावत बसलो की रुबीची आई कोण, देवी की टाइम लॉर्ड, आणि निघाली एक साधी बाई, पंधराव्या वर्षी मूल झालं आणि परिस्थितीमुळे ठेवता आलं नाही. खूप लोक तेव्हा चिडले, मला तो भाग आवडला, कारण आई होणं तिथे त्या बाईच्या आयुष्यात घडलेलं होतं आणि त्याची किंमत तिने मोजलेली दिसते. बेलिंडाला मूल हवंय असं आपण आधी कधी ऐकलंच नाही. आणि गंमत बघा, त्याआधीच्याच भागात, ‘विश वर्ल्ड’मध्ये, बायकांनी घर सांभाळायचं असं जग कॉनरॅड नावाच्या माणसाच्या इच्छेतून तयार होतं आणि ते आपल्याला भयंकर म्हणून दाखवलं जातं, पॉपी तिथलीच, आणि पुढच्या आठवड्यात बेलिंडा हसतमुखाने तिच्याचबरोबर घरात. नवरोबांना विचारा, तिला कोणी विचारलं होतं का.

प्रश्न: बिली पायपर आता डॉक्टर आहे की नाही, एकदाचं सांगा!

उत्तर: शेवटच्या पाट्यांमध्ये फक्त तिचं नाव आहे, ‘डॉक्टरच्या भूमिकेत’ असं नाही, आणि ते मुद्दाम केलंय. ती आधी रोझ नावाची कंपॅनियन होती, 2013 मध्ये द मोमेंट नावाचं शस्त्र बोलतं तेव्हाही तिचाच चेहरा होता, त्यामुळे वाद घालायला भरपूर जागा आहे. सिरीयलमधली भागीदार डिस्ने पुढे बरोबर नसणार आणि 2026च्या ख्रिसमसचा स्पेशल डेव्हिसच लिहिणार, हे बीबीसीने ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केलं. माझ्या मते त्याने स्वतःला एक दार उघडं ठेवलंय, बाकी काही नाही.

प्रश्न: मी एकही भाग बघितलेला नाही. 1963 पासून सुरू करू का?

उत्तर: नको. त्यातले बरेच भाग बीबीसीनेच टेप पुसून घालवलेत. 2005चा ‘रोझ’ लावा, पुतळे चालायला लागतात तिथे हसू आलं तरी बंद करू नका, ख्रिस्तोफर एक्लस्टनचे तेरा भाग संपेपर्यंत धीर धरा. आणि तोपर्यंत वरची उत्तरं वाचू नका, अर्थात ते सांगायला आता उशीर झालाय.