वाद्यांचे प्रश्न: तीस वर्षांनी पुन्हा डबल बास

प्रश्न: मी शाळेत असताना आईवडील न्यू जर्सीला आले. हायस्कूलच्या ऑर्केस्ट्रात उंचीमुळे माझ्या गळ्यात डबल बास (उभं करून वाजवायचं, व्हायोलिनसारखं पण माणसाएवढं वाद्य) पडला आणि कॉलेज संपेपर्यंत तो वाजवला. बास शाळा-कॉलेजचा होता. नोकरी लागली आणि सुटला तो सुटलाच. आता वय ५३. गावातल्या हौशी ऑर्केस्ट्राला बासवादक हवा आहे, शिवाय दोन मित्रांबरोबर जॅझ आणि जुनी हिंदी गाणी वाजवायची आहेत. सगळं मिळून ३००० डॉलर घालू शकतो. समोर तीन पर्याय आहेत. ऑनलाइन ९०० डॉलरचा नवा, ‘पूर्ण कोरीव, सॉलिड लाकडाचा’ बास, गज आणि कव्हरसकट. एका घरात विकायला काढलेला के कंपनीचा जुना बास, २२०० डॉलर, पण मानेच्या बुडाशी बारीक चीर आहे. किंवा हेडफोन लावून वाजवायचा इलेक्ट्रिक अपराइट, म्हणजे पोकळ पेटी नसलेला उभा बास. बायकोचं मत तिसऱ्याला आहे. गाडी छोटी आहे, हेही सांगून ठेवतो.
— एक वाचक, एडिसन

उत्तर: बायकोच्या मताला आधी उत्तर देते, कारण ते लवकर संपतं. इलेक्ट्रिक अपराइट रात्रीच्या रियाजाला उत्तम, पण ऑर्केस्ट्रात तो घेऊन गेलात तर संचालक तुमच्याकडे आणि तुम्ही जमिनीकडे बघाल. तिथे पोकळ पेटीचा, गजाने काढलेला आवाजच लागतो.

९०० डॉलरचा बास घेऊ नका. ‘कोरीव’ या शब्दाला भुलू नका. स्प्रूसची फळी वर्षानुवर्षं वाळवून, मग हाताने कोरून केलेलं वाद्य त्या पैशांत होतच नाही. तिथे मिळतं ते घाईने वाळवलेलं लाकूड. तुमच्याकडे उन्हाळा दमट, आणि हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की घरातली हवा पार कोरडी. असं लाकूड आकसतं आणि पहिल्याच जानेवारीत पोटाला, म्हणजे वरच्या फळीला, चीर जाते. फिंगरबोर्ड (ज्यावर तारा दाबतात ती पट्टी) एबनीचा, म्हणजे टणक काळ्या लाकडाचा, नसतो, मऊ लाकडाला काळा रंग फासलेला असतो, त्यात तारा लवकरच चर पाडतात. घोडीचे पाय पोटावर नीट टेकलेले नसतात. दुरुस्तीला न्याल तर कारागीर सांगेल की खर्च बासच्या किमतीहून जास्त येईल, आणि त्याचं म्हणणं खरं असेल.

तुम्ही प्लायवुडचा बास घ्या. नाक मुरडू नका. ज्या के बासवर तुमचा जीव आलाय तोही प्लायवुडचाच. आडव्या-उभ्या रेषांचे थर एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून तो सहसा तडकत नाही. बोटाने छेडला की आवाज ठोस येतो, जॅझला आणि तुमच्या हिंदी गाण्यांना तेच हवं. गजाखाली तो थोडा मंद वाटतो. ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत असाल तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. वरची फळी सॉलिड आणि बाकीचं प्लाय असा मधला प्रकारही असतो, पण तो नवा घेतला तर तुमच्या ३००० मध्ये सहसा बसत नाही.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. विशीत तुम्ही शाळेच्या बासच्या, फिंगरबोर्डपासून उंच असलेल्या तारा दाबत होतात, कारण हात तरुण होता आणि दुसरा बास नव्हता. स्टीलची एकेक तार साधारण तीस किलोच्या ताणाने ओढलेली असते. ५३ व्या वर्षी, इतक्या खंडानंतर, त्याच उंचीवर वाजवायला गेलात तर महिन्याभरात अंगठ्याचं मूळ दुखेल आणि बास कोपऱ्यात उभा राहील. माझ्याकडे परत शिकायला येणाऱ्यांत सोडून जाणारे बहुतेक याच कारणाने जातात, कान किंवा वेळ कमी पडला म्हणून नव्हे. तेव्हा दुकानात जाताना खिशात मिलिमीटरची पट्टी ठेवा. फिंगरबोर्डच्या खालच्या टोकाला, लाकडापासून तारेपर्यंत मोजा: सगळ्यात बारीक ‘जी’ तार साधारण ५ ते ६ मिमी, सगळ्यात जाड ‘ई’ ८ ते ९. वर नटपाशी (मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तारेखालून व्हिजिटिंग कार्ड सरकवून पाहा. ते जेमतेम सरकावं. तिथे चार कार्डं मावत असतील तर पहिल्या पोझिशनमध्येच तुमचा दम जाईल.

हे सगळं दुरुस्त होण्यासारखं असतं: फिंगरबोर्ड रंधून सरळ करणं, नट खाली घेणं, घोडीला उंची कमी-जास्त करायचे स्क्रू बसवणं, साउंडपोस्ट (पेटीच्या आतली उभी दांडी) जागेवर आणणं. या कामाला ५०० ते ८०० डॉलर लागू शकतात, आणि माझ्या मते तुमच्या बजेटमधले सगळ्यात सत्कारणी लागणारे पैसे हेच. म्हणून फक्त बासचं काम करणाऱ्या दुकानातून घ्या, जिथे हे किमतीत धरलेलं असतं. शेन, ईस्टमन, क्रिस्टोफर यांचे प्लायवुड बास बघा, शक्यतो वापरलेले. २२०० ते २५०० च्या आसपास, जुळवून दिलेला मिळाला तर सौदा चांगला. माप थ्री-फोर्थच मागा. नाव पाऊण असलं तरी मोठ्यांचा नेहमीचा बास तोच. तारा हलक्या ताणाच्या मागा. गजासाठी २०० बाजूला ठेवा, आणि शाळेत गज फ्रेंच पकडीने धरत होतात की जर्मन, ते आठवा. हात जुनी पकड विसरलेला नसतो, या वयात ती बदलू नका.

खरं म्हणजे आधी तीन-चार महिने भाड्याने घ्या. बरीच दुकानं भाड्याचा काही भाग पुढे किमतीतून वजा करतात. तेवढ्या काळात कळेल की ऑर्केस्ट्रा तुम्हाला ठेवतो का आणि तुम्ही ऑर्केस्ट्राला.

गाडीची काळजी नको. बास सहा फुटांच्या आसपास लांब आणि खाली दोन फुटांहून जरा रुंद असतो. मागची सीट पाडून, ड्रायव्हरशेजारची पूर्ण मागे झुकवून, मान पुढच्या काचेकडे ठेवली की बऱ्याच छोट्या गाड्यांत मावतो. भाड्याचा बास आणतानाच ही परीक्षा होईल. शेजारी बसणाऱ्याला मात्र बस पकडावी लागेल.

राहिला तो के. शिकागोच्या त्या कंपनीने १९३७ पासून १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बास बनवले, आणि चांगल्या स्थितीतला मिळाला तर मी स्वतः वाट वाकडी करून बघायला जाईन. कडेचा सांधा सुटलेला असेल तर घाबरू नका, तो पुन्हा चिकटवता येतो. बोटाच्या पेराने कडेने ठकठक करत फिरा, जिथे खरखर ऐकू येईल तिथे सुटलाय. मानेच्या बुडाची चीर मात्र वेगळी गोष्ट. तारांचा सगळा ताण तिथेच येतो. मान बाहेर काढून पुन्हा बसवायची वेळ आली तर हजार-दीड हजार डॉलर सहज जातात, म्हणजे बास पडला बत्तीसशे ते सदतीसशेला. मालकाला विचारा की स्वतःच्या खर्चाने कारागिराला दाखवून आणू का. नाही म्हणाला तर विषय संपला. हो म्हणाला आणि कारागिराने चीर फक्त व्हार्निशमध्ये असल्याचं सांगितलं, तर २२०० द्यायला हरकत नाही. लाकडात उतरलेली असेल तर ८०० च्या वर एक डॉलर बोलू नका.