गुण वाढले, मध्यक जागचा हलला नाही

प्रश्न : माझ्या शिकवणीत नऊ मुलं आहेत. 25 गुणांच्या चाचणीत त्यांना 8, 11, 12, 12, 14, 15, 17, 18 आणि 19 गुण पडले. फेरतपासणीत 18 चे 22 झाले, 19 चे 24. सरासरी 14 ची 15 झाली, मध्यक मात्र 14 च. माझी आकडेमोड कुठे चुकली?
– एक शिक्षिका

उत्तर : कुठेच चुकली नाही, बाई. एकूण गुण 126 होते, ते 135 झाले. नवाने भागा, 15 येतात. वाढलेला प्रत्येक गुण सरासरीत उतरतोच. मध्यक फक्त चढत्या क्रमातला मधला, म्हणजे पाचवा गुण पाहतो. वरची दोन मुलं आणखी वर गेली, पाचव्या जागेवर 14 च राहिले. बहुलकही, म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेला गुण, 12 च आहे.

खरा फरक पडलाय तो पसाऱ्यात. विस्तार, म्हणजे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुणांमधला फरक, 11 होता, तो 16 झाला. प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत याचं माप) मी हाताने काढून पाहिलं : आधी सुमारे 3.4, आता 4.9. दोनच मुलांचे गुण बदलले तरी एवढी उडी, कारण सरासरीपासूनच्या अंतराचा इथे वर्ग होतो. 24 गुणांचं अंतर 9, त्याचा वर्ग 81. नऊ वर्गांची बेरीज 218 आहे, म्हणजे एकट्या मुलाचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून जास्त!

आता मूळ यादीत एकच बदल करून पाहा, वर्गात मुलांकडूनही करून घ्या : एका 12 चे 16 करा. वाढ अवघी चार गुणांची, सरासरी जेमतेम 14.4 होते. पण तो मुलगा मध्य ओलांडून पलीकडे गेला, म्हणून मध्यक थेट 15 वर जातो. बहुलक तर उरतच नाही. गुण किती वाढले यापेक्षा ते मधली जागा ओलांडतात का, हे मध्यकासाठी महत्त्वाचं. पाठ्यपुस्तकांत यावर उदाहरणं फार कमी असतात, याचं मला वाईट वाटतं.

सगळ्यांना दोन-दोन वाढीव गुण दिलेत तर सरासरी, मध्यक, बहुलक ही तिन्ही मापं दोनाने वाढतील, प्रमाण विचलन तसंच राहील.

पालकांना नुसती 15 ही सरासरी कळवू नका. खालच्या सात मुलांचा एकही गुण वाढलेला नाही. शेजारी मध्यकही लिहा.