१५ वर्षं बंद असलेला जुना स्टिरिओ सुरू करण्याआधी त्याचे सगळे कपॅसिटर बदलावेच लागतात का?

नाही. आणि ज्यांनी तुम्हाला ‘आधी सगळे कपॅसिटर बदल, मगच प्लग लाव’ असं सांगितलंय, त्यांचं अजिबात ऐकू नका.

मामांकडून आलेला सत्तरच्या दशकातला रिसीव्हर (रेडिओ आणि अँप्लिफायर एकत्र) आणि बेल्टवर चालणारा टर्नटेबल, दोन्ही १५ वर्षं बंद, असं तुम्ही लिहिलंय. स्पीकर किती वॅटचे घ्यावेत तेही विचारलंय. स्पीकरचं नंतर. आधी कपॅसिटर, म्हणजे आतले वीज साठवणारे छोटे पार्ट, कारण या एका विषयावर माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं आजही जमत नाही.

आमच्या बाबांचा रिसीव्हर त्याच काळातला. बाबा गेल्यावर तो बरेच दिवस झाकून ठेवलेला होता. पुन्हा लावला तेव्हा सुरुवातीला छान वाजला, मग एक खोड दिसायला लागली. रात्री हळू आवाजात ऐकताना डावा चॅनल बारीक होत होत गायब व्हायचा. व्हॉल्यूम वाढवला की फट्कन परत यायचा आणि मग आवाज कमी केला तरी बराच वेळ टिकायचा. दादाचं म्हणणं, “४० वर्षांचं यंत्र आहे, कपॅसिटर सुकलेत, सगळे बदलून टाकू.” मी त्याला विचारलं, कपॅसिटर सुकला असेल तर आवाज मोठा केल्यावर तो बरा कसा होतो? याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. तरी रिसीव्हर दुरुस्तीला गेलाच.

परत आला तेव्हा आत झाडून सगळे कपॅसिटर नवे कोरे होते. डावा चॅनल मात्र तसाच जात होता, वर व्हॉल्यूम शून्यावर ठेवूनही घूंऽऽ असा आवाज यायला लागला होता. मी झाकण काढून बोर्ड उलटा केला. दोन-तीन ठिकाणी तांब्याची पट्टी उचकटलेली, आणि व्हॉल्यूम कंट्रोलची अर्थची वायर नुसती टेकवून ठेवलेली, सोल्डरच नाही. जुन्या बोर्डांवर तांबं नाजूक चिकटवलेलं असतं, जास्त वेळ गरम केलं की सुटतं. प्रत्येक कपॅसिटर काढताना ही जोखीम असते. चांगल्या अवस्थेतला पार्ट काढून ती ओढवून घ्यायची कशासाठी?

वायर सोल्डर केली, घूं थांबलं. मग चॅनलकडे वळलो. आधी रिसीव्हरच्या मागे स्पीकरच्या वायरी डाव्याच्या उजव्याला आणि उजव्याच्या डाव्याला लावल्या. आता दुसरा स्पीकर जायला लागला, म्हणजे दोष स्पीकरमध्ये नव्हता, रिसीव्हरमध्येच होता. मागे प्री-आउट आणि मेन-इन (अँप्लिफायरचा पहिला आणि शेवटचा टप्पा) जोडणाऱ्या धातूच्या कड्या होत्या, त्या काढून पुसल्या, फरक नाही. उरला प्रोटेक्शन रिले, म्हणजे स्पीकर जोडणारा-तोडणारा आतला स्विच. सुरू केल्यावर काही सेकंदांनी टक् वाजतं ना, तोच. त्याची पारदर्शक टोपी नखाने निघाली. साध्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून संपर्काच्या दोन टोकांमध्ये घातली, बोटाने हलकेच दाबून ओढली. पट्टीवर काळी रेघ उमटली. पुन्हा नवी पट्टी, पुन्हा रेघ, मग हळूहळू पांढरी यायला लागली. डावा चॅनल आला तो आला.

कारण साधं आहे. रिलेच्या संपर्कांवर काळानुसार पातळ काळपट थर चढतो. हळू आवाजातला क्षीण सिग्नल तो थर भेदू शकत नाही. आवाज वाढवला की व्होल्टेज वाढतं, थर फुटतो, वाट मोकळी होते. ‘आवाज वाढवल्यावर परत येतो’ हे लक्षण पहिल्या दिवशीच सगळं सांगत होतं. (सँडपेपर मात्र लावू नका, संपर्कावरचा चांगला मुलामा खरवडून निघतो. रिले फारच खराब असेल तर तोच तेवढा नवा घ्या.)

दादा आजही म्हणतो, “कपॅसिटर बदलले म्हणून तर टिकलाय.” काढलेल्यांपैकी एकही कपॅसिटर कुणी मोजून पाहिला नव्हता. न मोजता बदललेल्या पार्टला श्रेय देणं मला मान्य नाही. कपॅसिटर खराब होतात, पण तेही आपली लक्षणं दाखवतात: टोपी फुगते, बुडाशी चिकट द्रव येतो, किंवा दोन्ही चॅनलमध्ये व्हॉल्यूमशी संबंध नसलेली घूंघूं येते. ५० हर्ट्झच्या विजेवर ही घूंघूं बहुधा १०० हर्ट्झची असते आणि संशय पॉवर सप्लायच्या मोठ्या फिल्टर कपॅसिटरवर जातो. तिथे बदला, जरूर बदला.

आता तुमचं. थेट प्लग लावू नका. मागचा व्होल्टेज सिलेक्टर आधी बघा. यंत्र १०० किंवा १२० व्होल्टच्या देशातलं असेल आणि तुमच्याकडे २३० असेल, तर ट्रान्सफॉर्मरशिवाय हात लावू नका. मग यंत्राच्या विजेच्या वाटेत, सिरीजमध्ये, फिलामेंटचा ६० ते १०० वॅटचा बल्ब जोडून ते सुरू करा, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, तेजात जळत राहिला तर ताबडतोब बंद करा, आत शॉर्ट आहे. बल्बवर व्होल्टेज कमी मिळतं म्हणून कधी रिले लागत नाही, त्याने घाबरू नका. नंतर बल्ब काढून, स्पीकर न जोडता, स्पीकर टर्मिनलवर मीटरने डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त राहा. व्होल्टच्या घरात असेल तर स्पीकर जोडायचाच नाही. नॉब फिरवताना खरखर आली तर यंत्र बंद करून कंट्रोलसाठीचाच कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर फिरवा. डब्ल्यूडी-४० नको. बोर्डवरच्या बारक्या ट्रिमरना (सेटिंगच्या छोट्या स्क्रूंना) तर हातच लावू नका, बायसचा, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरचा करंट ठरवणारा ट्रिमर सरकला तर आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतात.

टर्नटेबलचा बेल्ट १५ वर्षांत सैल झालाच असेल, नवा घ्या, आणि तो जिथे बसतो ती कड अल्कोहोलने पुसा. सुईचा भरवसा धरू नका, रेकॉर्ड खराब होतील. नव्या कार्ट्रिजवर (सुई बसवलेल्या भागावर) जितके ग्रॅम वजन सांगितलंय तितकंच द्या. ‘कमी वजन म्हणजे रेकॉर्ड कमी झिजते’ हा गैरसमज आहे, हलकी सुई खोबणीत उडते आणि जास्त नुकसान करते. मोटर सिंक्रोनस (विजेच्या हर्ट्झवर वेग ठरणारी) असेल आणि तिच्यावरची बेल्ट फिरवणारी पुली ६० हर्ट्झची, तर ५० हर्ट्झवर रेकॉर्ड साधारण १७ टक्के हळू फिरेल. तेव्हा पुली बदलायची, मोटरला दोष द्यायचा नाही.

स्पीकर: वॅटचा आकडा पाहून घेऊ नका. वॅट दुप्पट केले तरी फरक ३ डेसिबलचाच पडतो. संवेदनशीलता (तेवढ्याच वॅटमध्ये किती मोठा आवाज येतो) ८८-९० डेसिबलच्या पुढची आणि इम्पिडन्स (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) ८ ओहम बघा, बाकी कानाने ठरवा. रिसीव्हर १९७४ च्या आधीचा असेल तर त्याच्या जाहिरातीतल्या वॅटवर जाऊ नका. अमेरिकेत ते आकडे कसे मोजून छापायचे याचा नियमच त्या वर्षी आला, आधी वाटेल तसे फुगवलेले असायचे. मामांचे जुने स्पीकर असतील तर कोनभोवतीची फोमची कडा बोटाने दाबून बघा. चुरा झाली तर फक्त कडा बदलते, अख्खा स्पीकर टाकायचा नसतो.

एक राहिलं. हे सगळं ट्रान्झिस्टरच्या यंत्रांबद्दल लिहिलंय. त्यांचेही मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावर बराच वेळ चार्ज धरून असतात, म्हणून आत हात घालण्याआधी ते उतरलेत का हे मीटरने तपासा. मामांचा सेट व्हॉल्व्हचा निघाला तर आत शेकडो व्होल्ट असतात आणि वर्षानुवर्षं बंद सेटमधल्या जुन्या कागदी कपॅसिटरवर मीही विश्वास ठेवणार नाही. तो जाणकाराकडेच न्या, फक्त काढलेले पार्ट परत मागून घ्या.